विंचवाचे विष आणि पेशीचे कुलूप



धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे गाव तेथील साखर कारखान्यामुळे महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. जवळच तेरणेच्या काठी गोरोबाकाकांचे तेर. भोवताली काळी जमीन, मधूनमधून मुरमाड माळ, उसाचे फड, दगडमातीच्या भिंतींची जुनी घरे, परसात सरपणाचा ढीग व कडब्याची गंजी. अशा मुलखात विंचू हा माणसाचा फार जुना शेजारी होय. सरपण काढताना, जोडा पायात घालताना, अंधारात दारामागची केरसुणी उचलताना त्याची अवचित गाठ पडते. एकनाथमहाराजांना कामक्रोधासाठी भारुडात विंचवाचेच रूपक योजावेसे वाटले, यावरून हा शेजारी मराठी माणसाच्या किती ओळखीचा आहे, हे ध्यानात येईल.

या शेजाऱ्याच्या दंशाविषयी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. नांगीतून शरीरात शिरणारे विष एका थेंबाहूनही कमी असते. त्याने मांस कुजत नाही की हाड झिजत नाही. दंश होतो पायाच्या अंगठ्याला, आणि काही तासांच्या आत एखाद्या लहान मुलाचे हृदय थकून जाते व फुफ्फुसांत पाणी भरू लागते. इतके थोडे विष इतक्या दूरच्या इंद्रियाला कसे गाठते? याचे उत्तर असे की, हे विष बळावर काम करीत नाही, ओळखीवर करते. शरीरातील पेशींच्या पृष्ठभागावर जणू कुलपे बसविलेली आहेत, आणि विंचवाच्या विषात त्या कुलपांना लागणाऱ्या खोट्या किल्ल्या आहेत. ही ओळख कशी पटते, आणि तिच्यामुळे होणारा अनर्थ टाळून मुलांचे प्राण वाचविण्याची युक्ती महाराष्ट्रातच कशी हाती आली, हे येथे पाहावयाचे आहे.

शरीरातील प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचे एक पातळ पटल असते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग कल्पिले, तर या पटलाची जाडी त्यांपैकी सहा-सात भागांइतकी भरेल. तेलात पाणी मिसळत नाही, तद्वत् पाण्यात विरघळणारे बहुतेक पदार्थ या पटलातून आपण होऊन आत जाऊ शकत नाहीत. हे संरक्षण चांगले खरे. परंतु चोहोबाजूंनी भिंती घातलेल्या वाड्याला दरवाजेच नसतील, तर आतल्यांना बाहेरची वार्ता कळावी कशी? म्हणून या पटलात जागोजागी प्रथिनांचे मोठे रेणू आरपार रोवलेले असतात. काहींचे काम सोडियम, पोटॅशियम यांसारख्या विद्युत्भारित कणांना वाट देण्याचे. काहींचे काम बाहेरून आलेला निरोप ओळखून तो आत कळविण्याचे. या दुसऱ्या प्रकारच्या प्रथिनाला शास्त्रात ग्राही असे नाव आहे. निरोप्या स्वतः आत शिरत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तो बाहेरच्या बाजूस ग्राहीला चिकटतो. त्या स्पर्शाने ग्राहीच्या आकारात फरक पडतो. तो फरक पटलाच्या आतल्या टोकापर्यंत पोचतो, आणि पेशीतील काम सुरू होते. पाहुण्याने ओसरीवर उभे राहून कडी वाजवावी आणि माजघरातील मंडळींनी उठावे, त्यातलाच हा प्रकार.

ही कल्पना शास्त्रात रूढ होण्यास बराच काळ लागला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ साली शरीरातील विकर आणि ज्या पदार्थावर ते काम करते तो पदार्थ यांच्या संबंधाला कुलूप-किल्लीची उपमा दिली. पॉल एर्लिक यांनी असे प्रतिपादन केले की, विष पेशीवरील विशिष्ट जागी चिकटल्याखेरीज बाधतच नाही. केंब्रिज येथील जॉन न्यूपोर्ट लँगली यांनी निकोटीन व क्युरारी या दोन विषांचा स्नायूंवरील परिणाम तपासला आणि १९०५ साली असा निष्कर्ष काढला की, स्नायूत एखादा ग्रहणशील पदार्थ असलाच पाहिजे. त्यानंतर सुमारे पासष्ट वर्षे हा पदार्थ तर्कातच राहिला. तो प्रत्यक्ष हाती लागला तो विषाच्याच साहाय्याने. तैवानमधील मण्यार जातीच्या सापाच्या विषातून चँग व ली या शास्त्रज्ञांनी १९६३ साली एक पेप्टाइड वेगळे काढले होते. स्नायूवरील ग्राहीला ते इतके घट्ट धरते की, त्याचा गळासारखा उपयोग करून १९७० च्या सुमारास विजेचा झटका देणाऱ्या माशाच्या शरीरातून तो ग्राही बाहेर काढता आला.

आता पेप्टाइड म्हणजे काय, ते पाहू. प्राण्यांच्या शरीरात अमिनो आम्ल नावाचे वीस प्रकारचे लहान रेणू मुख्यतः वापरले जातात. ते मण्यांप्रमाणे एकापुढे एक ओवले की माळ तयार होते. थोड्या मण्यांची माळ ती पेप्टाइड, शेकडो मण्यांची ती प्रथिन. सर्व मणी सारख्या स्वभावाचे नसतात. काहींवर धन विद्युत्भार असतो, काहींवर ऋण. काहींचे पाण्याशी सख्य असते, काही तेलाप्रमाणे पाणी टाळतात. त्यामुळे ही माळ पाण्यात सरळ लोंबकळत राहत नाही. ती स्वतःभोवती वळते व तिची घडी पडते. मण्यांचा क्रम ठरला की बहुधा घडीचा आकारही ठरतो. सिस्टीन नावाच्या मण्यात गंधक असते. घडी पडताना असे दोन मणी समोरासमोर आले, तर त्यांच्यात गंधकाचा पक्का टाका पडतो. लहान माळेला आपला आकार टिकविण्यास असे टाके फार उपयोगी पडतात. मेणाच्या किल्लीने कुलूप उघडावयाचे नाही. किल्लीला ताठपणा हवा, आणि तो या टाक्यांनी येतो.

शहरातील घरोघरी ठाऊक असलेले पेप्टाइड म्हणजे इन्सुलिन. त्यात २१ व ३० मण्यांच्या दोन माळा, मिळून ५१ अमिनो आम्ले आणि गंधकाचे तीन टाके असतात. टोरँटो येथे १९२१ साली त्याचा शोध लागला आणि मधुमेहाने खंगत जाणाऱ्या मुलांना जीवदान मिळाले. हे इन्सुलिन रक्तातून फिरते, स्नायूंच्या व मेदाच्या पेशींवरील आपल्या ग्राहीला जोडले जाते, आणि मग पेशीच्या पोटात राखून ठेवलेली साखरेची द्वारे पृष्ठभागावर येऊन उघडतात. रक्तात शेकडो तऱ्हेचे रेणू वाहत असता हा ग्राही त्यांतून नेमके इन्सुलिनच कसे निवडतो, हाच येथील मुख्य प्रश्न आहे.

ही निवड अनेक पायऱ्यांनी होते. प्रथम विद्युत्भाराचे आकर्षण. ग्राहीच्या मुखाशी ऋण भार असेल आणि पेप्टाइडावर धन भार असेल, तर ते काही अंतरावरूनच ओढले जाते व योग्य अंगाने वळते. दुसरी पायरी आकाराची. ग्राहीवर जेथे खळगा, तेथे पेप्टाइडावर उंचवटा, असे जुळले तरच दोघे एकमेकांच्या अगदी जवळ येतात. तिसरी पायरी पाणी हटविण्याची. दोघांचेही पाणी टाळणारे भाग समोरासमोर आले की मधले पाण्याचे रेणू बाहेर ढकलले जातात आणि पकड आवळते. शेवटी हायड्रोजनचे अनेक नाजूक बंध जुळतात. यांतील प्रत्येक बंध एकेकटा दुबळा असतो. तो क्षणात जुळतो, क्षणात सुटतो. परंतु असे दहा-वीस बंध एकाच वेळी जुळले, तर सगळे एकाच क्षणी सुटण्याचा संभव फार कमी. परका रेणू दोन-तीन बंधांवर टेकतो आणि लगेच निसटतो. ओळखीचा रेणू टिकून राहतो. ग्राहीची ओळख ती हीच. जो पुरेसा वेळ टिकला, त्याचाच निरोप आत जातो.

कुलूप-किल्लीची उपमा येथे थोडी अपुरी पडते, हेही सांगितले पाहिजे. लोखंडी कुलूप किल्लीसाठी आपला आकार बदलीत नाही. पेशीचे कुलूप बदलते. अमेरिकन शास्त्रज्ञ डॅनियल कोशलँड यांनी १९५८ साली विकरांविषयी ही सुधारणा सुचविली. इन्सुलिन आपल्या ग्राहीवर कसे बसते, याचे चित्र २०१३ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांना मिळाले, तेव्हा असे दिसून आले की, जोडले जाताना इन्सुलिनच्या एका माळेचे टोक बाजूस सरते आणि त्याखालचा झाकलेला भाग ग्राहीला भिडतो. म्हणजे किल्ली आणि कुलूप दोन्ही परस्परांसाठी वळतात. हातमोजा आणि हात यांची उपमा येथे अधिक शोभेल.

आता पुन्हा विंचवाकडे वळू. महाराष्ट्रात मुख्यतः दोन तऱ्हेचे विंचू पाहण्यात येतात. एक मोठा, काळा. त्याचे रूप भयंकर, परंतु दंशाने सहसा जीव जात नाही. दुसरा लहान, तांबूस; जीवावर बेतते ते याच्या दंशाने. या तांबड्या विंचवाच्या विषात अनेक पेप्टाइडे असतात. त्यांतील काही पोटॅशियमच्या दरवाजांना ओळखतात. या कुळातील पेप्टाइडे तीस ते चाळीस मण्यांची व बहुधा तीन टाक्यांची असतात. काही सोडियमच्या दरवाजांना ओळखतात. ती साठ ते सत्तर मण्यांची व चार टाक्यांची असतात. काटेकोर बोलावयाचे तर हे दरवाजे निरोप घेणारे ग्राही नव्हेत. परंतु विषाचे पेप्टाइड त्यांच्यावरील जागा ज्या रीतीने ओळखते, ती रीत वर सांगितलेलीच आहे. म्हणून त्या जागेलाही शास्त्रात ग्राही-स्थानच म्हणतात.

पोटॅशियमच्या दरवाजावरची पकड शास्त्रज्ञांनी फार बारकाईने पाहिली आहे. आपल्याकडील तांबड्या विंचवाच्या विषातून १९९० साली आयबेरिओटॉक्सिन नावाचे ३७ मण्यांचे पेप्टाइड वेगळे करण्यात आले. पश्चिम आशियातील एका विंचवाच्या विषात त्याचेच भावंड शोभेल असे कॅरिब्डोटॉक्सिन नावाचे पेप्टाइड आहे. तेही ३७ मण्यांचेच. अमेरिकेतील रॉडरिक मॅकिनन यांनी या कॅरिब्डोटॉक्सिनचा उपयोग करून, पोटॅशियमचा दरवाजा चार समान भागांचा बनलेला असतो, हे १९९१ साली दाखवून दिले. दरवाजाच्या रचनेविषयीच्या कार्याबद्दल त्यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे २०१३ साली हे पेप्टाइड दरवाजावर बसलेले असतानाचे चित्रच मिळाले. त्यात असे दिसले की, सत्ताविसाव्या स्थानी असलेल्या लायसीन या मण्याचा धनभारित शेपटा दरवाजाच्या छिद्रात नेमका शिरतो व एरव्ही जेथे पोटॅशियमचा कण यावयाचा, ती वाट अडवितो. कणाचाही भार धन, शेपटाचाही धन; म्हणूनच दरवाजा फसतो. बाटलीला बूच बसावे तशी वाट बंद होते. आयबेरिओटॉक्सिनचीही रीत अशीच आहे, आणि त्याची पकड इतकी घट्ट की, एका ग्रॅमचे दहा लाख भाग करून त्यांतील चार-पाच भाग एक लिटर पाण्यात मिसळले, तरी तेवढ्या विरळ द्रावणात ते आपला दरवाजा शोधून काढते.

माणसाच्या जीवावर उठणारी पेप्टाइडे मुख्यतः दुसऱ्या कुळातील, म्हणजे सोडियमच्या दरवाजाला धरणारी होत. मज्जातंतूतून निरोप जातो, तो हे दरवाजे क्षणभर उघडून लगेच मिटतात म्हणून. उघडण्याचा तो काळ सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा असतो. दरवाजात विजेचा दाब जाणणारे चार भाग असतात. त्यांतील चौथा भाग बाहेरच्या बाजूस सरकला की दरवाजा मिटण्याची खूण होते. विंचवाचे पेप्टाइड नेमक्या त्या चौथ्या भागाला धरून ठेवते. दरवाजा उघडतो, पण वेळेवर मिटत नाही. मज्जातंतू एकदा बोलावयाच्या ठिकाणी पुन्हा पुन्हा बोलत राहतो. तासन्‌तास चालणाऱ्या असह्य वेदनेचे एक मोठे कारण हेच. परंतु खरा धोका त्यापुढचा आहे.

ओळख पटण्यावर सारे अवलंबून असते याचा एक पुरावा ढोकीच्या उसाच्या फडातही हिंडत असतो. तो म्हणजे मुंगूस. नागाशी झुंजताना दंश झाला तरी मुंगूस सहसा मरत नाही, कारण ते कसलीशी मुळी खाऊन येते, अशी लोकांची समजूत आहे. इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील संशोधकांनी १९९२ साली मिसर देशातील जातीच्या मुंगसाचा स्नायूवरील ग्राही तपासला. नागाच्या विषातील पेप्टाइड इतर प्राण्यांत ज्या जागी चिकटते, त्या जागेवरील काही मणी मुंगसात बदललेले आढळले, आणि एका मण्याला शर्करेचा झुपका जोडलेला आढळला. विषाची किल्ली तीच. कुलपाचे तोंड तेवढे बदललेले. म्हणून किल्ली आत शिरत नाही. गंमत अशी की, स्नायूचा स्वतःचा निरोप्या, जो ॲसिटिलकोलीन नावाचा लहानसा रेणू, त्याला मात्र या बदलाची अडचण होत नाही. मुंगसाची मुळी त्याच्या ग्राहीतच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मनुष्याला असे बदललेले कुलूप लाभलेले नाही. तांबड्या विंचवाच्या विषाने जे मज्जातंतू चेतविले जातात, त्यांत हृदय व रक्तवाहिन्या यांवर सत्ता चालविणारे तंतूही असतात. त्यांच्या टोकांतून नॉरअॅड्रिनलीन व मूत्रपिंडावरील ग्रंथीतून अॅड्रिनलीन यांचा पूर लोटतो. ही द्रव्ये पेप्टाइडे नव्हेत, परंतु त्यांचेही स्वतःचे ग्राही आहेत. रेमंड आल्क्विस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४८ साली असे दाखविले की, हे ग्राही दोन जातींचे असावेत. त्यांना त्यांनी अल्फा व बीटा अशी नावे दिली. रक्तवाहिन्यांवरील अल्फा ग्राहीला निरोप मिळाला की वाहिन्या आवळतात. विंचूदंशात हा निरोप अखंड येत राहतो. हातपाय थंडगार पडतात, रक्ताचा दाब चढतो, हृदयाला आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलावे लागते, ते थकते, आणि फुफ्फुसांत पाणी साठून श्वास कोंडतो. त्यातच अल्फा ग्राहीच्या द्वारा स्वादुपिंडातील इन्सुलिनचा स्राव दबतो. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. राधाकृष्ण मूर्ती यांनी या बाजूचा दीर्घकाळ अभ्यास करून विंचूदंशावर इन्सुलिनचा उपचार सुचविला होता. एका पेप्टाइडाच्या खोट्या निरोपाने दुसऱ्या पेप्टाइडाचा खरा निरोप बंद पडावा, असा हा गुंता आहे.

विंचूदंशानंतर फुफ्फुसांत पाणी भरून रोगी दगावतो, हे कोकणातील डॉ. मुंडले यांनी १९६१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले होते. त्या काळी पश्चिम भारतात अशा गंभीर रोग्यांपैकी शेकडा पंचवीस ते तीस दगावत. डॉक्टर हातपाय गाळून बसत असे नव्हे. परंतु कोणते कुलूप अडवावे हे उमगले नव्हते. रोग्याला दरदरून घाम सुटलेला व वांत्या होत असलेल्या पाहून पुष्कळदा अॅट्रोपीन दिले जाई. हे औषध ॲसिटिलकोलीनच्या ग्राहीला अडविते. त्याने घाम व लाळ आटते, पण अल्फा ग्राहीवरचा मारा तसाच राहतो आणि नाडी अधिकच धावू लागते. औषध खरे, कुलूप चुकीचे. त्यामुळे उपकाराऐवजी अपकार होण्याचाच संभव.

योग्य कुलूप दाखविले ते एका खेड्यातील डॉक्टरांनी. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे मराठवाड्यातील, जालना जिल्ह्यातील. नागपूरला वैद्यकीचे शिक्षण झाल्यावर ते कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे विंचवाने दंशलेली मुले डोळ्यांदेखत दगावताना त्यांनी पाहिली, आणि रोग्याच्या उशाशी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, हातापायांची ऊब यांची टिपणे ठेवण्यास आरंभ केला. कोणत्या पूर्वखुणांवरून हृदयावरचे संकट आधीच ओळखता येते, याविषयीचा त्यांचा लेख १९८२ साली लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाला. ही सारी लक्षणे अल्फा ग्राहीवरील माऱ्याची आहेत हे ध्यानी घेऊन, त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबावरील साध्या गोळीचा उपयोग सुरू केला. प्राझोसिन अल्फा ग्राहीच्या खळग्यात जाऊन बसते, पण कुलूप फिरवीत नाही. जागा अडली की नॉरअॅड्रिनलीनला ती मिळत नाही. वाहिन्या सैल होतात, थंड हातपाय उबदार होऊ लागतात, हृदयावरचा भार उतरतो. या उपचाराचे वृत्त १९८६ साली लॅन्सेटमध्येच आले. १९८४ नंतर हा उपचार रूढ होत गेला, तसतसे मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली उतरल्याचे नोंदले गेले. या कार्यात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा बरोबरीचा वाटा आहे. २०२२ साली भारत सरकारने डॉ. हिंमतरावांना पद्मश्री देऊन गौरविले.

कुलूप अडविणे ही एक युक्ती. किल्लीच हिसकावून घेणे ही दुसरी. विंचवाचे विष अगदी अल्प मात्रेत घोड्याला टोचून त्याच्या रक्तात जी प्रतिद्रव्ये तयार होतात, त्यांची लस मुंबईच्या हाफकिन औषधनिर्माण महामंडळाने तयार केली. ही प्रतिद्रव्येदेखील एक तऱ्हेचे ग्राहीच होत. फरक इतकाच की, ती पेशीवर रोवलेली नसून रक्तात मोकळी फिरतात. विषाचे पेप्टाइड सोडियमच्या दरवाजाला गाठण्यापूर्वीच ती त्याला पकडतात. परंतु एकदा नॉरअॅड्रिनलीनचा पूर सुटल्यावर केवळ विष पकडून तो पूर ओसरत नाही. म्हणून दोन्ही उपाय एकत्र करून पाहण्याचा प्रयोग महाड येथे झाला व त्याचा वृत्तांत २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. सत्तर रोग्यांचे दोन समान गट करण्यात आले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांपैकी ८ जण दहा तासांत बरे झाले. लस व प्राझोसिन दोन्ही दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ जण तेवढ्याच अवधीत बरे झाले. बरे होण्यास लागणारा सरासरी काळ पहिल्या गटात १७.७ तास होता, तो दुसऱ्या गटात ८ तासांवर आला.

आता मांत्रिकाविषयी थोडे. विंचू उतरविणारा मनुष्य पूर्वी बहुतेक प्रत्येक गावात असे, आणि त्याला यश येताना लोक पाहात, हेही खोटे नव्हे. कारण असे की, बऱ्याच दंशांत विष पुढे जाऊन हृदयाला बाधा करीत नाही. वेदना काही तासांनी आपली आपण ओसरते, आणि श्रेय मंत्राला मिळते. परंतु ज्या मुलाच्या अंगात तांबड्या विंचवाचे पुरेसे विष गेले आहे, त्याच्या बाबतीत मंत्रात गेलेला प्रत्येक तास ग्राहींवरील मारा वाढविणारा ठरतो. मंत्राचा शब्द पेशीच्या पटलावरील कोणत्याही खळग्यात बसत नाही. पाय आवळून बांधणे, दंशाची जागा कापणे, तीवर नाना मुळ्या लेपणे, यांनीही सोडियमच्या दरवाजावरची पकड सुटावयाची नाही.

वेदना जितकी मोठी तितका धोका मोठा, हाही एक भ्रम आहे. पुष्कळदा ज्याला ठणका फार, त्याला हृदयाची बाधा होत नाही. आणि ज्या मुलाला ठणका बेताचा, त्याचेच हातपाय गार पडू लागतात. तेव्हा पाहावयाचे ते ठणक्याकडे नव्हे. वांती होणे, दरदरून घाम सुटणे, तोंडाला लाळ सुटणे, हातपाय थंड पडणे, छातीत धडधडणे, श्वास लागणे, मुलग्यांत जननेंद्रियाला ताठरपणा येणे, ही अल्फा ग्राहीच्या व त्याच्या सोबत्यांच्या निरोपाची दृश्य चिन्हे आहेत. यांतील एकही दिसताच रोग्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. तेथे विंचू कोणत्या रंगाचा होता व दंश किती वाजता झाला, एवढे सांगितले तरी डॉक्टरांचे काम पुष्कळ सुकर होते. प्राझोसिनची गोळी स्वस्त असली, तरी ती घरच्या घरी देण्याची नव्हे. तिने रक्तदाब एकाएकी उतरतो, म्हणून रोग्याला निजवून व नाडीवर लक्ष ठेवूनच ती द्यावी लागते.

ढोकीसारख्या गावी असे उपाय करणे कठीण नाही. अंथरूण भिंतीपासून दूर व शक्य तर खाटेवर घालावे, जोडे झाडून घालावेत, सरपणाला हात घालताना विजेरी जवळ असावी, ऊसतोडीसाठी आलेल्या मजुरांच्या कोप्यांतही ही माहिती पोचवावी. कारण उघड्या जमिनीवर निजणारी मुले बहुधा त्या कोप्यांतीलच असतात, आणि रात्री-अपरात्री दवाखाना गाठण्याचे साधनही त्यांच्यापाशीच सर्वांत कमी असते. ज्यांच्या दारी वाहन आहे, त्यांनी अशा वेळी ते पुढे करावे.